मोहरीएवढे पार्ट कसे बनतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीतल्या आमच्या गाळ्यात फोनवर, चहावर आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरांचे आहेत, काही खरेदी खात्याचे, काही आयटीआयच्या पोरांचे आणि दोन-तीन आमच्या नातेवाइकांचे.

तुम्ही नक्की काय बनवता?

धातूचे अगदी बारीक टर्निंग पार्ट, म्हणजे लेथवर फिरवून कापलेले. कनेक्टरमधल्या पिना, सेन्सरमधली बुशिंग, व्हॉल्व्हच्या सुया, जेट, चष्म्याच्या दांडीतले स्क्रू, मापन उपकरणांचे स्पिंडल. घरच्यांना सांगताना मी स्टोव्हची आठवण काढतो. रॉकेलच्या स्टोव्हचं निपल आणि ते साफ करायची पत्र्याच्या पट्टीवरची पिन ज्यांनी वापरली असेल, त्यांना अर्धा मिलिमीटरहून बारीक भोक म्हणजे काय आणि ते तुंबलं की स्वयंपाकघरात काय होतं, हे वेगळं सांगावं लागत नाही. गॅसच्या शेगडीतला पितळी जेट हा त्याचाच धाकटा भाऊ.

बारीक म्हणजे किती बारीक?

आमच्याकडचं बहुतेक काम ०.५ ते ८ मिमी व्यासाचं. माणसाचा केस ढोबळमानाने ०.०७ मिमी, म्हणजे ७० मायक्रॉन. मनगटी घड्याळाच्या बॅलन्स स्टाफचं टोक, ज्यावर ते चाक तासाला हजारो वेळा मागे-पुढे डुलतं, तेही जवळपास केसाइतकंच जाड असतं. ते आम्ही करत नाही. उगाच फुशारकी नको.

वजनाचा हिशोब जास्त बोलका आहे. १ मिमी व्यासाची, ४ मिमी लांबीची पितळी पिन साधारण २७ मिलिग्रॅम भरते, गुंजेच्या पाव भागाइतकी. एक लाख पिना म्हणजे पावणेतीन किलो. वर्षाची ऑर्डर एका कापडी पिशवीत मावते. टेम्पोवाला पहिल्यांदा आला तेव्हा ‘बाकीचा माल कुठाय?’ म्हणून बराच वेळ उभा होता.

मोठा पार्ट करणाऱ्याला छोटा पार्ट सोपाच जाणार ना? मटेरियल कमी, वेळ कमी.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पार्ट लहान होतो, पण त्याच्या आजूबाजूचं जग लहान होत नाही. केस तेवढाच जाड राहतो. धुळीचा कण तेवढाच. तेलाचा थर तेवढाच. हाताचा घाम तेवढाच. टूलच्या धारेची गोलाई तेवढीच. २० मिमीच्या शाफ्टवर २० मायक्रॉनची बर (कापताना कडेला उरलेलं धातूचं कुसळ) राहिली तर नख फिरवून लोक पुढे जातात. तीच बर अर्ध्या मिलिमीटरच्या भोकात दोन्ही बाजूंनी राहिली तर भोकाचा ८ टक्के व्यास गेला.

दुसरं, ताकद. दांडी एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाला ढकलली तर ती किती वाकेल हे लांबीच्या घनावर आणि व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. व्यास निम्मा केला की तीच दांडी तेवढ्याच जोराने सोळापट वाकते. लांबी दुप्पट केली तर आठपट. त्यामुळे १० मिमीच्या जॉबवर (कापल्या जाणाऱ्या पार्टवर) ज्या कटची कुणी दखल घेत नाही, त्याच कटने १ मिमीचा जॉब टूलपासून पळ काढतो. कापून झालं की परत सरळ होतो आणि पकडीजवळ बारीक, मोकळ्या टोकाला जाड असं काहीतरी हातात येतं.

मग कट बारीक घ्यावा, असं कुणालाही वाटेल. तिथे तिसरी अडचण आहे. कार्बाइडच्या धारेकडे मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर ती धार नसून काही मायक्रॉनची गोलाई दिसते. कट त्या गोलाईपेक्षा फारच बारीक झाला तर टूल कापत नाही, नुसतं घासतं. धातू दाबला जातो, पुढे सरकतो, कडक होतो. स्टेनलेसमध्ये तर पुढच्या फेरीला तो कडक झालेला थर टूलच खातो. म्हणजे जास्त घेतलं तर जॉब पळतो आणि कमी घेतलं तर टूल घासतं. सगळं काम या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत करायचं असतं. चांगला सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा माणूस, ती पट्टी आवाजावरून ओळखतो. माझ्या वडिलांना ऐकू कमी यायला लागलं तेव्हा ते लेथच्या बॉडीवर हात ठेवून ओळखत.

‘स्विस टाइप’ किंवा ‘स्लायडिंग हेड’ मशीन म्हणजे काय?

नेहमीच्या लेथमध्ये बार, म्हणजे धातूची सळई, चक नावाच्या पकडीत धरलेला असतो आणि टूल त्याच्या लांबीवर फिरतं. टूल जितकं चकपासून लांब, तितका जॉब वाकणार. स्लायडिंग हेडमध्ये उलटं आहे: टूल लांबीच्या दिशेने हलत नाही, बारच पुढे सरकतो. हेडस्टॉक, म्हणजे मशीनचं बार फिरवणारं डोकं, बार पकडून मागेपुढे होतो आणि बार गाइड बुश नावाच्या घट्ट भोकातून बाहेर येतो. टूल त्या बुशच्या तोंडाशीच, एखाद-दोन मिलिमीटरवर कापतं. पेन्सिल ब्लेडने तासताना आपण तिला टोकाजवळच धरतो, मागच्या टोकाला नाही. तसंच हे. त्यामुळे पार्ट व्यासाच्या दहापट लांब असला तरी कापताना तो जेमतेम दोन मिलिमीटर लांब असल्यासारखा वागतो.

ही युक्ती स्वित्झर्लंडच्या घड्याळवाल्यांची. १८७० च्या दशकात याकोब श्वाइट्झर या कारागिराने घड्याळाचे स्क्रू आणि पिनियन झपाट्याने करण्यासाठी हे मशीन बांधलं. पुढे ज्युरा डोंगरातलं मुतिए हे छोटं गाव या मशिनांचं माहेरघर झालं. ‘स्विस टाइप’ हे नाव तिथून आलं. आज आपल्याकडे दिसणारी बरीचशी मशीन जपानी बनावटीची आहेत, नाव मात्र तेच टिकलं.

गाइड बुशला एक हट्ट आहे: बार एकसारखा लागतो. बार दोन-चार मायक्रॉन जाड-बारीक झाला की तो एकतर बुशमध्ये अडकतो किंवा खुळखुळतो, आणि तो खुळखुळ थेट पार्टवर उतरतो. म्हणून ग्राइंड केलेला, एच ६ किंवा एच ७ मापाचा (या काटेकोरपणाच्या श्रेणी) बार घ्यावा लागतो. तो महाग पडतो. शिवाय प्रत्येक बारचा शेवटचा वीतभर तुकडा वाया जातो, कारण तो कॉलेट (हेडस्टॉकमधली पकड) आणि बुश यांच्यामध्ये राहतो.

मग जुनी ट्रॉब मशीन भंगारात गेली का?

नाही हो. ट्रॉब हे मुळात एका जर्मन कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कॅमवर, म्हणजे टूलची हालचाल ठरवणाऱ्या आकार दिलेल्या चकतीवर, चालणाऱ्या कुठल्याही ऑटोमॅट लेथला ट्रॉबच म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. आमच्याकडे अजून दोन आहेत. साधा पितळी पार्ट लाखांच्या संख्येने हवा असेल आणि मापात २०-३० मायक्रॉनची सूट असेल, तर कॅमच्या मशीनला दरात हरवणं सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, जड जातं. कॅम कापायचा खर्च एकदाच. नंतर ती शिलाई मशीनसारखी टकटक करत राहते. कॅम काढणारी माणसं मात्र आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

०.५ मिमीचं भोक पाडताना ड्रिल तुटत नाही का?

तुटतं. कधी तुटणार हे आधी ठरवून ते बदलणं, हेच तर काम.

बारीक ड्रिलचा मुख्य प्रश्न वेगाचा. कापण्याचा वेग मिनिटाला ३० मीटर हवा असेल तर १० मिमीच्या ड्रिलला साधारण ९५५ फेरे पुरतात. ०.५ मिमीच्या ड्रिलला १९,००० लागतात, ०.१ मिमीला ९५,०००. म्हणून अशा भोकांसाठी वेगळा हाय-स्पीड स्पिंडल बसवतात. तो नसेल तर ड्रिल संथ फिरतं, फीड, म्हणजे पुढे सरकण्याचा वेग, मात्र तसाच राहतो आणि ते काडीसारखं मोडतं. आधी छोट्या, जाड सेंटर ड्रिलने जागा करायची, मग टोचून-मागे-टोचून असं जायचं, म्हणजे चिप (कापलेल्या धातूचा कीस) बाहेर येते. बारीक भोकात चिप अडकणं हे ड्रिल तुटण्याचं सर्वात मोठं कारण. धार गेलेली नसतानाही ड्रिल तुटतं.

याहून बारीक किंवा कडक धातूत भोक हवं असेल तर ठिणगीने, म्हणजे ईडीएमने पाडतात. नाशिककर ज्याला मायको सर्कल म्हणतात त्या चौकाला नाव देणारी कंपनी, आजची बॉश, डिझेल इंजेक्टरची नोझल बनवते. डिझेल नोझलची फवारा मारणारी भोकं ०.१ ते ०.२ मिमीच्या घरातली असतात आणि आतली सुई तिच्या बॉडीत दोन-चार मायक्रॉनच्या फटीत सरकते. आपल्या राज्यात हे काम कित्येक दशकं रोज होतंय. त्या चौकातून जाणाऱ्या हजारोंना त्याचा पत्ता नसतो, एवढंच.

कुठलं मटेरियल सांगू?

काम चालत असेल तर पितळ सांगा. शिसं असलेलं फ्री-कटिंग पितळ (आयएस ३१९ वालं) लोण्यासारखं कापलं जातं, चिप भुग्यासारखी पडते, आणि भुग्याला भंगारात चांगला भाव येतो जो आम्ही दरात धरतो. युरोपात माल जाणार असेल तर शिशाच्या नियमांची चौकशी आधीच करा.

स्टेनलेस हवंच असेल तर ३०३ चालेल का ते पाहा. त्यात गंधक असतं, त्यामुळे चिप तुटते. ३०४ आणि ३१६ ची चिप दोऱ्यासारखी लांब निघते आणि एवढाल्या पार्टभोवती गुंडाळते. मात्र ३०३ खाऱ्या हवेत गंजायला लवकर सुरुवात करतं आणि वेल्डिंगला चांगलं नाही. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या बोटीवर बसणाऱ्या उपकरणाला ३१६ च घ्या, दर जास्त पडला तरी.

टायटॅनियमची चिप बारीक असेल तर पेट घेऊ शकते. आम्ही तेलात कापतो, म्हणून अग्निशामक यंत्रणा मशीनच्या आतच बसवावी लागते.

ड्रॉइंगवर टॉलरन्स किती द्यावा?

लागेल तेवढाच. (टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक.) हे उत्तर ऐकून लोक हसतात, पण दर दुप्पट व्हायचं कारण बहुतेकदा इथेच सापडतं.

३ मिमीपर्यंतच्या मापासाठी आयटी ग्रेडचे, म्हणजे टॉलरन्सच्या ठरलेल्या श्रेणींचे, आकडे असे: आयटी ९ म्हणजे २५ मायक्रॉन, आयटी ८ म्हणजे १४, आयटी ७ म्हणजे १०, आयटी ६ म्हणजे ६, आयटी ५ म्हणजे ४. २५ मध्ये आम्ही रात्रपाळीला एक माणूस तीन मशीनवर ठेवून झोपायला जातो. १० मध्ये दर अर्ध्या तासाने माप. ६ मध्ये ऑपरेटर मशीन सोडत नाही, टूल लवकर बदलतं. ४ मध्ये टर्निंग पुरत नाही, बहुतेक वेळा पुढे ग्राइंडिंग किंवा लॅपिंग येतं. कागदावर एक आकडा खोडून दुसरा लिहायला क्षणही लागत नाही. इथे मात्र त्या एका आकड्याने पूर्ण प्रोसेस बदलते.

दुसरी चूक जास्त सूक्ष्म. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘न दिलेले टॉलरन्स आयएसओ २७६८ मीडियमप्रमाणे’ असा शिक्का सवयीने मारलेला असतो. मीडियममध्ये ०.५ ते ६ मिमीपर्यंतच्या मापाला ±०.१ मिमी मिळतात. ५ मिमीच्या लांबीला ते ठीक. पण ०.६ मिमीच्या खाचेला ±०.१ म्हणजे खाच ०.५ पासून ०.७ पर्यंत कशीही चालेल, आणि ती तुम्हाला चालणार नसते. शिवाय ०.५ मिमीच्या खालच्या मापांना ते कोष्टक लागूच नाही, त्यांचा टॉलरन्स मापाशेजारी लिहावा लागतो. एका ग्राहकाच्या ड्रॉइंगवर ०.४ मिमीच्या खोबणीला काहीच लिहिलेलं नव्हतं. आम्ही विचारलं नाही, आमच्या मनाने केलं. सात हजार नग परत आले. तेव्हापासून न विचारता काही करत नाही, भले प्रश्न मूर्खासारखा वाटो.

कोपऱ्याबद्दलही लिहा. ‘शार्प कॉर्नर’ असं लिहिलेलं आलं की आम्ही फोन करतो. टूलच्या नाकाला गोलाई असतेच. आतल्या कोपऱ्यात ०.०५ मिमी त्रिज्या चालेल असं लिहिलंत तर दोघांचंही भलं.

थ्रेड किती बारीक होतो?

एम १ ला, म्हणजे १ मिमी व्यासाच्या थ्रेडला, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.२५ मिमी. तिथपर्यंत नेहमीचं काम. त्याखाली घड्याळवाल्यांची एस मालिका आहे, ०.३ पासून १.४ मिमीपर्यंत. एवढ्या बारीक भोकात टॅप (आतले आटे पाडणारं टूल) मारण्यापेक्षा शक्य असेल तर नटाच्या बाजूचं डिझाइन बदला, असा आमचा सल्ला. तुटलेला टॅप एम ६ मधून निघतो, एम १ मधून तो पार्टसकट टाकावा लागतो.

प्लेटिंगनंतर पार्ट बसत नाही. चूक कोणाची?

बहुधा ड्रॉइंगची. ५ मायक्रॉनचं निकेल दोन्ही बाजूंनी चढतं, म्हणजे व्यास १० मायक्रॉनने वाढतो. थ्रेडवर तर चौपट: साठ अंशांच्या थ्रेडमध्ये ५ मायक्रॉनच्या थराने इफेक्टिव्ह व्यास (आट्यांच्या मध्यावरचा) २० मायक्रॉनने फुगतो. म्हणून दिलेलं माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं, ते लिहा. सध्या येणाऱ्या निम्म्या ड्रॉइंगवर ते नसतं. विजेच्या प्लेटिंगमध्ये धातू कडांवर जास्त जमतो, खोल भोकात कमी. सगळीकडे सारखा थर हवा असेल तर इलेक्ट्रोलेस निकेल मागा.

बर कशी काढता?

आधी न येऊ देण्याचा प्रयत्न. टूल धारदार, कटचा क्रम योग्य, मागच्या बाजूचा चॅम्फर (कडेचा तिरपा काप) सब-स्पिंडलवर, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या पकडीत, तिथल्या तिथे. राहिलेली बर मॅग्नेटिक पॉलिशरमध्ये जाते, म्हणजे फिरत्या चुंबकाने नाचवलेल्या स्टीलच्या बारीक सुयांमध्ये. तरीही जी उरते ती मायक्रोस्कोपखाली हाताने. हे काम आमच्याकडे चार महिला करतात, आणि त्यांच्यातली एक पूर्वी पैठणीवर काम करायची. तिच्या टेबलावरून बर राहिलेला नग पुढे गेल्याचं मला आठवत नाही. पगार ठरवताना या टेबलाला कमी लेखणाऱ्या मालकांचं मला नवल वाटतं.

एवढुसं मोजता कसं?

इथे खरी कसोटी आहे. कापायला शिकलो तीन वर्षांत, मोजायला शिकायला दहा गेली.

व्हर्निअर विसरा. त्याचा लघुत्तम अंक ०.०२ किंवा ०.०१ मिमी, आणि ६ मायक्रॉनच्या टॉलरन्सचं माप त्याने घेणं म्हणजे तराजूऐवजी हाताने सोनं जोखणं. मायक्रोमीटर चालतो, पण त्याची पकड साधारण ५ ते १० न्यूटनची, म्हणजे अर्धा ते एक किलोचा भार. ०.३ मिमीच्या पोकळ पार्टवर एवढा भार आला तर आकडा पार्टचा मिळत नाही, दबलेल्या पार्टचा मिळतो.

म्हणून बाहेरची मापं बहुतेक न शिवता घेतो: प्रोफाइल प्रोजेक्टर किंवा कॅमेऱ्याचं व्हिजन मशीन. त्याचाही एक खोडसाळपणा आहे. कॅमेरा कड पाहतो, धातू पाहत नाही. पार्टवर तेलाचा पुसट थर असला की तोही धातूतच धरला जातो. धुतल्याशिवाय माप नाही, हा गाळ्यातला पहिला नियम. भोकांसाठी पिन गेज, एकेका मायक्रॉनच्या फरकाने वाढत जाणाऱ्या पिनांचा संच. लहान मापाची ‘गो’ पिन आत गेली पाहिजे, मोठ्या मापाची ‘नो-गो’ जाता कामा नये. पण ०.२ मिमीखाली पिन स्वतःच वाकते.

या सगळ्याच्या मुळाशी स्लिप गेज. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांना १८९६ च्या सुमारास सुचलेली ही लोखंडी ठोकळ्यांची कल्पना: स्वच्छ पुसून दोन ठोकळे एकमेकांवर सरकवले की ते चिकटतात आणि मापं जोडत जाता येतात. नवीन मुलगा आला की मी त्याच्या हातात दोन स्लिप देतो आणि ओढून काढ म्हणतो. त्याच्या चेहऱ्यावरून समजतं तो टिकणार की नाही.

आणि हो, दोन गावांतले दोन मायक्रोमीटर भांडले तर कोणाचं खरं, हे ऑर्डरआधी ठरवा. आम्ही पहिल्या लॉटबरोबर मोजलेले पाच नग क्रमांक घालून पाठवतो. तुम्ही तेच मोजा. फरक आला तर तिथेच निपटू.

गाळ्यात एसी कशाला? पार्ट तर एवढुसा, तापून कितीसा वाढणार?

बरोबर, पार्ट वाढत नाही. मशीन वाढतं. १ मिमीची पितळी पिन २० अंशांनी तापली तरी व्यासात अर्धा मायक्रॉनसुद्धा वाढत नाही. पण स्पिंडल आणि टूल यांच्यामध्ये मशीनचं २०० मिमी लोखंड असेल तर एका अंशाला ते साधारण अडीच मायक्रॉन सरकतं. पुण्यात जानेवारीच्या पहाटे १०-१२ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ३८. टूल कुठे होतं आणि कुठे गेलं याचा हिशोब तुम्हीच करा. मापनाचं जागतिक मान्य तापमान २० अंश आहे. गाळा तेवढा थंड ठेवणं आम्हाला परवडत नाही, म्हणून मोजायची खोली २० वर आणि शॉप एका ठरावीक तापमानावर स्थिर. स्थिर असणं महत्त्वाचं, थंड असणं नाही. सकाळी मशीन अर्धा तास रिकामं फिरवतो. लाइट जाऊन आली की पुन्हा तेच. त्या पहिल्या नगांची वेगळी डबी असते.

धुणं, मोजणं, पॅकिंग... याचे वेगळे पैसे का?

कारण त्याला कापण्याइतकाच वेळ लागतो. तेलातले बारीक पार्ट एकमेकांना चिकटतात. पाण्याच्या थेंबाने दोन पिना अशा जुळतात की चिमट्याने सुटत नाहीत. अल्ट्रासॉनिकमध्ये धुवायचे, गरम हवेने सुकवायचे, वजनावर मोजायचे. सुरुवातीच्या काळात आम्ही एकदा लॉट धुवायला टाकला आणि बास्केटच्या जाळीची भोकं पार्टपेक्षा मोठी आहेत हे टाकी उपसताना कळलं.

पावसाळ्यात स्टीलचे पार्ट उघड्या बोटाने धरलेत तर दोन दिवसांत त्यावर तुमचा अंगठा उमटतो, तांबूस रंगात. हातमोजे, गंजरोधक कागद, सीलबंद पुडी. जून ते सप्टेंबर याला सुट्टी नाही.

मला फक्त १० नग हवेत. कराल?

करू, पण दर ऐकून रागावू नका. सेटिंगला पाच-सहा तास जातात, मग १० करा की १०,०००. स्टार्टअपवाल्या मुलांना मी सांगतो, १० ऐवजी २०० घ्या, किंमत फारशी वाढत नाही आणि निम्मे तुमच्याकडून हरवणारच आहेत.

मटेरियलचा हिशोबही कळू द्या. ४ मिमी लांबीच्या पार्टला पार्टिंग टूलचे ०.८ मिमी दर नगामागे भुग्यात जातात, म्हणजे सहावा हिस्सा. ३ मीटरच्या बारमधून वीतभर तुकडा वजा करून साधारण ५८० नग. पार्टला ३ मिमीची कॉलर आणि बाकी अंग १ मिमीचं असेल तर त्या अंगाभोवतीचा नऊपैकी आठ भाग धातू भुगा होतो. कॉलर अडीचची चालेल का, हा प्रश्न आम्ही उगाच विचारत नाही.

जामनगरला याहून स्वस्त मिळतं.

मिळतं. पितळी पार्टचं ते मोठं केंद्र आहे, भंगारापासून बारपर्यंत सगळं गावातच. साधा पितळी पार्ट असेल तर तिथूनच घ्या, मी स्वतः काही घेतो. आमच्याकडे या ते सहा मायक्रॉनसाठी, किंवा स्टेनलेससाठी.

थ्रीडी प्रिंट का नाही करत?

धातूच्या पावडरचा एकेक थरच २० ते ४० मायक्रॉनचा असतो. आम्ही त्याहून कमी चुकीसाठी नग फेकतो. आकार किचकट आणि नग थोडे असतील तर प्रिंट करा आणि महत्त्वाची मापं नंतर मशीनवर घ्या. सपाट, जाळीसारखे पार्ट रासायनिक एचिंगने, म्हणजे रसायनाने कोरून, छान होतात. लाखांनी लागणारे किचकट पार्ट एमआयएमने, म्हणजे धातूची पावडर साच्यात दाबून आणि भाजून. भाजताना ते १५ ते २० टक्के आकसतात, म्हणून साचा तेवढा मोठा करतात. टर्निंग सगळ्यावर औषध आहे असं आम्ही म्हणत नाही.

हे सगळं भारतात नीट होतं का? की बाहेरूनच येतं?

होतं. १९६१ साली एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं सुरू केली तेव्हापासून होतंय. दहावी पास झाल्यावर मिळालेलं ते घड्याळ अनेकांच्या कपाटात अजून असेल. तीच सिटिझन स्लायडिंग हेड मशीनही बनवते.

पण अभिमान बाळगताना बॉलपेनची गोष्ट लक्षात ठेवावी. चीन जगातली बहुतांश पेनं बनवायचा, पण टोकाचं स्टील आणि ते कापणारी मशीन बाहेरून आणायचा. त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी, ली केछ्यांग यांनी, यावर जाहीर खंत व्यक्त केली होती. २०१७ च्या जानेवारीत तैयुआनच्या पोलाद कारखान्याने ते स्टील जमवल्याची बातमी आली. रॉकेट सोडणाऱ्या देशाला दहा रुपयांच्या पेनाचं टोक इतकं छळतं. आपल्याकडेही मशीन, गाइड बुश, बारीक कार्बाइड ड्रिल यातलं बरंच अजून आयातच आहे.

मुलाला यात घालायचं आहे. इंजिनिअरिंग करू दे का?

करू दे, पण आधी हात काळे होऊ देत. आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट चांगला. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे अभ्यासक्रम चांगले. मुलगा घाईचा असेल तर नको. ज्याला घड्याळ उघडून परत लावताना एक स्क्रू उरला तर झोप येत नाही, असा पाहिजे. मुलगी असेल तर आणखी बरं, आमच्या दोन सेटरपैकी एक मुलगीच आहे.

पार्ट जमिनीवर पडला तर?

हलायचं नाही. आधी चपला तपासायच्या. मग दिवे घालवून टॉर्च जमिनीला आडवा धरायचा, सावली लांब पडते आणि सापडतो. साध्या स्टीलचा असेल तर पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवायचं. पितळेला चुंबक नाही, त्याला झाडू आणि नशीब.

सापडलेला नग चांगल्या नगांत परत टाकायचा नाही. लाल डबीत.

गुरुवारी आलो तर चालेल?

नाही. भोसरीत गुरुवारी सुट्टी. खंडेनवमीला या, मशीनची पूजा असते, पेढे मिळतील आणि त्या दिवशी मशीन बंद असल्याने बोलायला वेळही.